बीएसए एम२०: आधी चालती, मग चकचकीत

कुणाच्या तरी वाड्यात ताडपत्रीखाली जुनी ब्रिटिश मोटरसायकल पडून आहे अशी खबर लागते, आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नवा रंग आणि तकतकीत निकेल नाचू लागतं. हिशेब तिथूनच बिघडतो. रंगात, प्लेटिंगमध्ये आणि सीटच्या कातड्यात निम्मे पैसे जातात. इंजिनाचं ‘नंतर बघू’ होतं. मग गाडी वर्षातून एकदा ढकलत प्रदर्शनात नेली जाते आणि ढकलतच परत येते. म्हणून पैसा आणि वेळ कुठे आधी खर्च करायचा, याचा क्रम सुरुवातीलाच ठरवा. कागद, मग ऑइल, मग ठिणगी, मग ब्रेक आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम पाळला तर गाडी पूर्ण होते आणि चालवलीही जाते.

उदाहरणासाठी बीएसए एम२० घेऊ. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातल्या कारखान्यात १९३७ पासून बनलेली ही गाडी व्हॅल पेज यांच्या आराखड्यातून आली. ४९६ सीसीचं एकच सिलिंडर, बोअर ८२ मिलिमीटर, स्ट्रोक ९४ मिलिमीटर आणि ताकद जेमतेम १३ अश्वशक्ती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांसाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. युद्ध संपल्यावर इथल्या लष्करी गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या आणि त्या वाटेने कित्येक एम२० आपल्याकडच्या नागरिकांच्या हाती आल्या. नॉर्टन १६एच आणि मॅचलेस जी३एल यांचीही कहाणी साधारण अशीच आहे. नवशिक्याला एम२० सोयीची, कारण तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात. वरचं हेड म्हणजे निव्वळ झाकण. ते काढायला इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही.

पैसे देण्याआधी नंबर वाचा

गाडी पाहायला जाताना टॉर्च, तारेचा ब्रश आणि थोडं रॉकेल बरोबर न्या. इंजिनाचा नंबर सिलिंडरच्या खाली क्रँककेसवर असतो. फ्रेमचा नंबर फ्रेमवर वेगळा ठोकलेला असतो. युद्धकाळातल्या गाड्यांवर त्याआधी ‘डब्ल्यूएम२०’ ही अक्षरं सापडतात. हे दोन नंबर एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, कारण त्या काळी बीएसएच्या कारखान्यातूनच ते वेगवेगळे निघत. जुळायला हवेत ते आरसी बुकातल्या नोंदीशी. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा असतील किंवा अक्षरं वाकडीतिकडी, वेगवेगळ्या उंचीची दिसत असतील, तर व्यवहार तिथेच थांबवा. नंबर ‘पाडून देतो’ म्हणणारा मेस्त्री तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे कागदांचे दोन मार्ग आहेत. जुनं आरसी जिवंत असेल तर इतर खासगी दुचाकींप्रमाणे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण आणि पर्यावरण कर, हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग २०२१ मध्ये केंद्र सरकारने आणलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांचा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली असतील आणि गाडीच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसेल, तर तिला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. मात्र व्हीए नंबरची गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. दर रविवारी फेरफटका मारण्याचा बेत असेल तर चालू आरसीची गाडी शोधा, भले ती दिसायला डावी असो आणि चार पैसे जास्त पडोत. सौदा करण्याआधी आपल्या आरटीओत नंबराची स्थिती, थकलेला कर आणि मूळ मालकाचं नाव पाहून घ्या.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सगळं सोपं जातं. तिथे चाळीस वर्षांवरची, मोठे बदल नसलेली गाडी ‘हिस्टॉरिक’ गटात नोंदवता येते. मग रस्ता कर माफ आणि वार्षिक एमओटी तपासणीतूनही सूट. १९४६ पासून चालत आलेल्या व्हिंटेज मोटर-सायकल क्लबकडून नंबरावरून उत्पादन-वर्षाचा दाखलाही मिळवता येतो. तपासणी सक्तीची नसली तरी दरवर्षी करून घ्या. ब्रेक आणि टायर यांना सवलत कळत नाही.

उघडण्याआधी फोटो, डबे आणि पुस्तक

गाडी घरी आली की लगेच पाना हातात घेऊ नका. चारही बाजूंनी फोटो काढा. केबल कुठून गेली आहे, वायर कोणत्या क्लिपमध्ये आहे, वॉशर किती आणि कोणत्या क्रमाने आहेत, हे सगळं जवळून टिपा. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. गंजलेला बोल्टही टाकू नका. नवा मागवताना तोच नमुना लागतो. एम२० चं सुट्या भागांचं मूळ पुस्तक आणि दुरुस्तीचं पुस्तक छापील स्वरूपात मिळतं. ते घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. सुट्या भागांच्या पुस्तकातली चित्रं नीट पाहिली तर आपल्या गाडीत काय कमी आहे आणि कुणी काय दुसऱ्याच गाडीचं बसवलं आहे, हे एका संध्याकाळी कळतं.

आटे: इथेच सर्वाधिक नुकसान होतं

आपल्या गॅरेजमधले पाने मिलिमीटरचे. एम२० चे बोल्ट मात्र व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल थ्रेड या जुन्या ब्रिटिश मापांचे. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर असतं. त्यावर १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा घसरतो. नटाचे कोपरे गोल होतात, मग छिन्नी-हातोडी येते आणि त्या पाठोपाठ तडा. व्हिटवर्थ पान्यांचा एक संच ही या कामातली पहिली खरेदी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुने इंग्लिश पाने अजून हाताला लागतात. तोंड पसरलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्या.

दुसरा सापळा आट्यांचा. मेस्त्री ज्याला अडीच सूत म्हणतात तो ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा. ८ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला इंचात साधारण वीस आटे असतात, बीएसएफला बावीस, सायकल थ्रेडला सव्वीस. जोर लावून घुसवला तर तो दोन वेढे फिरतो आणि ॲल्युमिनिअमच्या क्रँककेसमधले आटे खरवडून काढतो. थ्रेड गेज स्वस्त असतो. कोणताही बोल्ट लावण्याआधी त्यावर तो टेकवून पाहा, आणि हाताने तीन-चार वेढे सहज फिरला नाही तर पान्याला हात लावू नका. आटे आधीच गेलेले असतील तर भोक मोठं करून जाड बोल्ट ठोकण्यापेक्षा योग्य मापाचा इन्सर्ट बसवा. मूळ माप टिकतं आणि जोड पहिल्यापेक्षा मजबूत होतो.

इंजिन: आधी मोजा, मग बदला

हेड काढल्यावर तीन गोष्टी पाहा. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी, आडवा-उभा मोजा. झीज वरच्या टोकाला जास्त असते. व्हॉल्व्ह सीटच्या आसपास, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूला, बारीक तडा आहे का ते तपासा. साइड व्हॉल्व्ह इंजिनात ती जागा सर्वांत तापते. आणि कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बिग एंडमध्ये खेळ आहे का ते बघा. रॉड किंचित डावी-उजवीकडे सरकला तर हरकत नाही, वर-खाली टकटकला तर क्रँक उघडावा लागेल.

सिलिंडर झिजला असेल तर पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायला द्या. ब्रिटनमध्ये आजही छोटे विक्रेते ओव्हरसाइज पिस्टन पुरवतात, पण प्रत्येक कंपनीच्या पिस्टनचं माप केसभर वेगळं असतं. टर्नरला ‘वीस हजारचा पिस्टन आहे’ एवढं सांगून भागत नाही. तोच पिस्टन त्याच्या हाती द्या आणि किती क्लिअरन्स ठेवायचा ते लिहून द्या. क्रँक दाबून पुन्हा जुळवण्याचं काम ज्याच्याकडे प्रेस, डायल गेज आणि या कामाचा हात आहे त्यालाच द्यावं. हा घरी करण्याचा प्रयोग नव्हे.

जोड बसवताना सिलिकॉनची ट्यूब जपून वापरा. जादा लावलेलं सिलिकॉन आत सुटतं आणि ऑइलच्या बारीक वाटा बुजवतं. या इंजिनांना आजच्यासारखा कागदी फिल्टर नसतो, असते फक्त जाळी. क्रँककेसचे दोन्ही पृष्ठभाग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तपासा आणि चांगल्या कागदाचं गॅस्केट कापा. ‘ब्रिटिश गाडी गळणारच’ ही समजूत निम्म्याहून जास्त या आळसातून आली आहे.

एम२० ड्राय संप पद्धतीची. ऑइल वेगळ्या टाकीत, पंप खाली. पंपातली बॉल व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर गाडी महिनाभर उभी राहिल्यावर टाकीतलं ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं. त्यावर बरेच जण ऑइलच्या पाइपमध्ये तोटी बसवतात. तसं करू नका. एखाद्या दिवशी ती उघडायची राहते आणि इंजिन जाम होतं. बॉल आणि तिची बैठक दुरुस्त करा. तोवर, बराच काळ उभ्या असलेल्या गाडीला किक मारण्याआधी खालचा ड्रेन उघडून उतरलेलं ऑइल काढून टाका.

ठिणगी आणि पेट्रोल

लुकासचा मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नाही. बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन चालतं. पण ऐंशी वर्षांच्या आर्मेचरवरचं शेलॅक उन्हाळ्यात मऊ पडतं आणि आतला कंडेन्सर थकलेला असतो. गाडी थंड असताना एका किकेत सुरू होते, आठ-दहा किलोमीटरनंतर गप्प होते आणि अर्ध्या तासाने पुन्हा शहाणी होते. असं दिसलं तर कार्ब्युरेटर उघडत बसण्यापेक्षा मॅग्नेटोवर संशय घ्या. आर्मेचर नव्याने गुंडाळून, आजच्या काळातला कंडेन्सर बसवून घ्या. या कामाला लागणारा पैसा रंगाच्या पैशातून वळवावा लागला तरी चालेल. पॉइंटचा गॅप ०.०१२ इंच, प्लगचा साधारण ०.०२० इंच ठेवा. दिव्यांची व्यवस्था सहा व्होल्टची. बॅटरीचं कोणतं टोक अर्थ आहे, धन की ऋण, ते तुमच्या डायनॅमोवर पाहूनच जोडणी करा. मागच्या मालकाने ते बदललेलं असू शकतं.

एम२० चं कॉम्प्रेशन पाचच्या आसपास, त्यामुळे ऑक्टेनची चिंता नाही. चिंता इथेनॉलची. आज पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. ते जुने रबरी पाइप फुगवतं, पेट्रोल-कॉकमधल्या बुचाच्या कॉर्कवरचं शेलॅक सोडवतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि मिश्रण पातळ करतं. म्हणून पाइप इथेनॉल सोसणारे घाला, कॉकला आजच्या प्रकारचे सील बसवा, आणि पंधरवड्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर अमल कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा करा. प्लग पांढराफटक दिसत असेल आणि कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येत असेल, तर मेन जेट एक पायरी मोठा लावून बघा.

चाकं, ब्रेक आणि मग रंग

टायरची अडचण नाही. ३.२५-१९ हे माप बुलेटचंही असल्यामुळे ते तालुक्याच्या दुकानातही मिळतं. पण रिमला आतून गंज असेल तर नवा टायरही उपयोगाचा नाही. जुने आरे एकेक वाजवून पाहा. सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो.

दोन्ही ब्रेक सात इंची ड्रमचे. त्या काळच्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, तेव्हा ड्रम उघडल्यावर फुंकर किंवा हवेचा पाइप मारू नका. तोंडावर मास्क लावून, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. नवं लाइनिंग चिकटवल्यावर शू ड्रमच्या मापाने लेथवर फिरवून घ्या. त्याशिवाय ते पूर्ण टेकत नाही आणि ब्रेक लागतो फक्त नावाला. पुढचा गर्डर फोर्कही याच वेळी उघडा. त्याच्या पिना आणि बुश झिजले असतील तर हँडल खड्ड्यात हातातून हिसकतं.

आता रंग. लष्करी एम२० वर क्रोमचा झगमगाट कधीच नव्हता. सुरुवातीच्या गाड्या खाकी-हिरव्या, १९४२ पासून तपकिरी आणि १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब छटेच्या. टाकीच्या खालच्या बाजूला किंवा टूलबॉक्सच्या आत बारीक पेपरने एका जागी हलकेच घासलं तर थरावर थर उघडत तुमच्या गाडीचा पहिला रंग सापडतो. तो सापडला तर एक तुकडा तसाच राखा. पावडर कोटिंग करायचं असल्यास आट्यांवर, बेअरिंगच्या बैठकीवर आणि विशेषतः नंबरांवर टेप लावून घ्या. पावडरच्या जाड थराखाली नंबर बुजला तर आरटीओच्या तपासणीत तुमचीच पंचाईत होते. सगळी गाडी रंगाआधी एकदा पूर्ण जुळवून, शंभर-दोनशे किलोमीटर चालवून घ्या. भोक बुजवणं, ब्रॅकेट वाकवणं, वेल्डिंग करणं ही कामं तेव्हाच समोर येतात. नव्या रंगावर ती करावी लागली तर रंगाचे पैसे दोनदा जातात.

पहिली किक

टाकीत ऑइल भरा, प्लग काढा आणि किक फिरवत राहा. ऑइल टाकीचं झाकण उघडून आत पाहा. परतीच्या नळीतून ऑइल थबकत येऊ लागलं की पंप काम करतो आहे. मग प्लग लावा. पेट्रोल सोडा, कार्ब्युरेटरची टिकलर ओल येईपर्यंत दाबा, इग्निशनचा लिव्हर रिटार्डवर आणा. हे विसरलात तर किक उलटी बसते आणि घोटा सुजतो. एक्झॉस्ट लिफ्टर न दाबता किक हळूच खाली नेत कॉम्प्रेशनचा अडथळा शोधा, लिफ्टर ओढून पिस्टन त्याच्या किंचित पुढे न्या, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण पाय लांब करून एकच दमदार किक मारा. धडाधड दहा लाथा मारून ही गाडी सुरू होत नाही. इंजिन बोललं की लिव्हर ॲडव्हान्सकडे न्या आणि पुन्हा टाकीत बघा. मिनिटभरात ऑइल परत येताना दिसलं नाही तर इंजिन बंद करा.

एक-दोनदा गरम-थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा ठरलेल्या क्रमाने ताणा. पहिले आठशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका, आणि साधारण चारशे किलोमीटरवर ऑइल बदला. नव्या रिंगांनी सोडलेली बारीक धातूची पूड त्यात असते.

रस्त्यावर

या गाडीचा गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. शांत डोक्याने हे जमतं, पण कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या सवयीने चालतो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात फक्त एकच सराव करा: अचानक थांबणं. दुसऱ्या ब्रिटिश गाड्याही चालवणार असाल तर गिअरचा क्रम वेगळा शिका. ट्रायम्फचा पहिला गिअर खाली, नॉर्टन आणि एन्फिल्डचा वर.

ताशी पन्नास-साठ किलोमीटर हा एम२० चा सुखाचा वेग. पुढच्या वाहनापासून आजच्या मोटरसायकलवर जेवढं अंतर ठेवता त्याच्या दुप्पट ठेवा. घाट चढताना गिअर लवकर खाली आणा. इंजिन दमून ठोकू लागलं तर इग्निशन किंचित रिटार्ड करा, पण संपूर्ण चढ रिटार्डवर काढू नका, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की ते तापून ढिले पडतात. सहा व्होल्टचा दिवा रात्रीच्या हायवेला पुरत नाही, तेव्हा दिवेलागणीच्या आत घर गाठता येईल असाच बेत आखा. पावसाळ्यात गाडी बाहेर काढलीच तर मॅग्नेटोभोवती पाणी साचू देऊ नका.

खिशात ठेवायचं सामान थोडकं आहे. एक प्लग, क्लच आणि थ्रॉटलची केबल, चेनची जोडकडी, मॅग्नेटोचा पॉइंट, तार आणि दोन व्हिटवर्थ पाने. एवढ्यात रस्त्यावरची बहुतेक अडचण सुटते.

शेवटी हिशेबाची वही. गाडी घेतानाच ठरवलेल्या रकमेचे तीन भाग करा: एक इंजिन आणि मॅग्नेटोला, एक चाकं-ब्रेक-फोर्कला, आणि तिसऱ्यात रंग, प्लेटिंग, सीट. पहिले दोन भाग संपल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका. मधेच पैसे संपले तरी तुमच्याकडे मळक्या रंगाची, पण एका किकेत सुरू होणारी आणि हवी तिथे थांबणारी एम२० असेल. तिच्यावर बसून पुढच्या वर्षीच्या रंगाचे पैसे जमवता येतात. उलट क्रमाने गेलात, तर सजवलेली गाडी टेम्पोत घालून मेस्त्रीकडे न्यायचं भाडं तेवढं वाढतं.